तिसरी सुई

"बाळाची आई कुठं हाय?" अंगणवाडीतल्या टेबलामागून अरीबा सिस्टरनं विचारलं.

"कामावर. मी हाय की! सख्खी आजी," आक्काताई म्हणाल्या आणि त्यांनी नातवाला छातीशी घट्ट धरलं. 'सख्खी'वर त्यांनी जरा जास्तच जोर दिला. जणू दारात दुसरी कुणी तोतया उभी होती.

दुसरी होती खरी, पण ती कोडोलीला. विहीण, चिमणाबाई. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. तिथं तोंड उघडायला जागा नव्हती. पण त्या रीतीपायी सगळं पहिलंवहिलं तिकडंच उरकलं. आदर्शचं पहिलं रडणं तिनं ऐकलं, पहिली आंघोळ तिनं घातली, पहिलं हसू तिच्या मांडीवर उमटलं. सुईचे दोन डोससुद्धा कोडोलीतच झाले. आक्काताईंकडे उचगावला बाळ आलं ते कुणीतरी आधीच पुजून गेलेल्या देवासारखं. नमस्कार आपण करायचा, पण पहिलं फूल दुसरीचं.

तरीही त्या गप्प राहिल्या असत्या. पण परवा भाकरी थापता थापता सून संयोगिता सहज बोलून गेली, "आत्ती, तिसऱ्या डोसची तारीख ह्या गुरुवारची हाय, पर मला रजा पुढच्या गुरुवारी. आईबी येणार हाय तवा. तिला म्हाईत हाय सगळं."

तिला म्हाईत हाय! म्हणजे आता उचगावात येऊनही तीच! आक्काताईंना तो घास दिवसभर गिळवला नाही. आज सून कंपनीच्या गाडीत बसून गेली, तशी त्यांनी दत्ताची पूजा उरकली, उपासाचा चहा घेतला, बाळाचं कार्ड पिशवीत टाकलं आणि कुणाला न सांगता अंगणवाडी गाठली. एक सुई तरी माझ्या हातची असू दे म्हणून.

"मावशी, आज तोंडातलं थेंब हायत, आन् सुया. त्यात ही पाच रोगांवरची."

"एका सुईत पाच रोग घालतासा? तान्हा जीव त्यो, पेलंल का त्याला?"

"रोग न्हाय घालत ओ मावशी, रोगाची वळख करून देतोय," अरीबा हसली. "घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ, आन् मेंदूला-फुफ्फुसाला धरणारा एक जंतू. येगयेगळं द्यायचं म्हटलं तर किती टोचायचं पोराला? तुमचं बाळ आल्यापासनं मूठ चोखतंय बघा. ह्या सुईपरास जास्त जंतू त्या मुठीवर असतील."

"चोखंल न्हाय तर! गुणाचं हाय," आक्काताई म्हणाल्या.

"ताप यील, मांडी सुजंल, किरकिर करंल. त्ये चालतंय. पर एक सांगा, मागच्या सुयांनंतर काय तरास? झटका आलता? बाळ निपचित पडलं, निळं पडलं, असलं काय?"

आक्काताईंच्या जिभेला उत्तर तयार होतं. "छ्या! काय सुदीक न्हाय."

"नक्की?"

"मी आजी हाय बाई!"

अरीबानं मान डोलावली, कुपी हलवली. बाळानं मूठ सोडून आक्काताईंकडं पाहिलं. डोळे कसे, नुसते तेलाच्या दिव्यासारखे. आणि त्यांच्या मनात आलं, याला कोडोलीत ताप आला होता का? किती? झटका आला असता तर आपल्याला कोण सांगणार होतं? सुनेनं त्या दिवसांत फोनवर सांगायला घेतलं की 'बरं बरं' म्हणून आपणच दुसरीकडं तोंड फिरवायचो. विहिणीचं कौतुक ऐकायला नको म्हणून. पोटात गुरुवारचा उपास, आणि या जिवाच्या बाबतीत तोंडात असलं खोटं?

"थांबा सिस्टर." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला न्हाय म्हाईत. मी तितं नव्हते."

अरीबा रागावली नाही. कुपी खाली ठेवून म्हणाली, "आईला लावा फोन."

"तिचा फोन कंपनीच्या गेटावर ठेवत्यात."

"मग तितं कोण हुतं?"

कोण होतं ते आक्काताईंना तोंडानं सांगवेना. त्यांनी मोबाईल काढला आणि लावला.

"विहीणबाई, मी आक्काताई. आदर्शला सुईला आणलंया. मागच्या टायमाला झटकाबिटका आलता का, सिस्टर इचारत्यात."



"आज आणलासा? संयोगिता पुढच्या गुरुवारचं म्हणत हुती. मी येणार हुते."

"तारीख आजचीच हुती."

"व्हय, व्हय. येळेवर झाल्यालं बरं." चिमणाबाई घाईघाईनं पुढं सांगू लागल्या. "झटका न्हाय आला. पयल्यांदा ताप हुता, दुसऱ्यांदा नुसतं अंग कोंबट. मांडी चोळू नगासा, शेकू नगासा. गार फडकं ठेवा. आन् आडवं धरलं की लई रडतंय त्ये. उभं घ्या, खांद्याव. म्हंजी... तुमास्नी म्हाईत असंल."

"न्हाय," आक्काताई म्हणाल्या. "मला न्हवतं म्हाईत."

झटका आला नव्हता हे त्यांनी अरीबाला सांगितलं, तशी ती पुढं आली. तिनं थेंब पाजले, सुया दिल्या. पाच रोगांवरची डाव्या मांडीत. बाळाचा चेहरा लालबुंद झाला, आणि असा टाहो फुटला की ओळीतल्या बायका वळून बघायला लागल्या.

"आता अर्धा तास हितंच बसायचं," अरीबा म्हणाली.

आक्काताईंनी बाळाला उभं धरलं, खांद्यावर थोपटलं, दत्ताचं नाव घेतलं. काही केल्या रडं खळेना. फोन अजून चालूच होता.

"विहीणबाई," चिमणाबाई घाबरत म्हणाल्या, "फोन ठेवायच्या आदी... मी एकदा हाक मारू?"

आक्काताईंनी स्पीकर लावला.

"ए गुलामा! कुणी मारलं रं माझ्या राजाला? आँ? कुणी मारलं?"

रडणं मध्येच तुटलं. बाळानं मान डुगडुगत वर केली आणि ओल्या डोळ्यांनी तो आवाज शोधू लागलं, इकडं, तिकडं, आक्काताईंच्या चेहऱ्यावरून तसंच पुढं.

 त्यांनी फोन बाळाच्या कानाजवळ नेला, आणि पलीकडचं बोलणं त्याला नीट ऐकू यावं म्हणून स्वतःचा श्वासही हळू केला.