स्प्रिंगांची बोट

काकांना कुणी बोलकं म्हणत नाही, आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही. धंदा सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवण्याचा. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. मूठभर बारीक खिळे गालात धरायचे, जिभेनं एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. जन्मभर हे केलेल्या माणसाकडून गप्पांची अपेक्षा कोण धरणार? 'हं' आणि 'अंहं' यांवर त्यांचा अख्खा संसार झाला.

काकूंचं सगळं उलटं. त्यांचं पोटच बोलण्यावर. बंदराच्या कार्यालयात त्या वायरलेसवर होत्या. सकाळी खुर्चीत बसलं की पहिलं काम म्हणजे बेटाला हवामान कळवायचं. वारा कुठला, लाटा कशा, बोट निघेल की नाही. बेट राखीव रानाचं. तिथे ना वस्ती, ना दुकान, ना बोट लावायला धक्का. त्या काळी एक राखणदार तेवढा राहायचा. हवामान ऐकून झालं की तो पलीकडून सांगायचा, "आज ते मोठं झाड पांढरंशुभ्र झालंय बघा, इतके पक्षी बसलेत." काकू म्हणायच्या, "ऐकतेय. पुढे बोला." आणि समोरच्या रंग उडालेल्या भिंतीवर ते झाड उभं करून बघायच्या. घरी आल्या की तो संवाद काकांनाही सांगायच्या. सगळी नोकरी अशी ऐकण्यात गेली. पुढे राखणदार गेला, वायरलेस गेला, काकू निवृत्त झाल्या. बेटावर त्यांचं पाऊल काही पडलं नाही.

का नाही पडलं, याचं उत्तर काकांपाशी होतं. त्यांना पाण्याची धास्ती. लहानपणी बुडता बुडता वाचले वगैरे काही नाही, उगाच गोष्ट कशाला रचा. पायाखालचं हललेलं त्यांना खपत नाही, एवढंच. कुणाकडे गेले आणि खुर्ची जरा डुगडुगली, तरी हा गृहस्थ उठून तिच्या पायाखाली घालायला पाचर शोधू लागतो. त्यामुळे काकूंनी बेटाचा विषय काढला की काका तोंडातल्या खिळ्यांआडून 'पुढच्या वर्षी' असं काहीतरी पुटपुटायचे. आणि काकू त्यांना एकटं टाकून जायच्या नाहीत. आपल्यामुळे घोडं अडलंय हे काकांना चांगलं ठाऊक होतं. बोलले मात्र कधीच नाहीत.

एक दिवस लेक दुकानात आली, तेव्हा काकूही तिथेच बसल्या होत्या. ती पलीकडच्याच गल्लीत राहते, आणि घरातल्या सगळ्या बातम्या आधी तिच्याकडे येतात.

"आई, या हंगामानंतर बेटावर माणसं उतरवणं बंद होतंय. पक्षी बिथरतात म्हणे. पुढे नुसतं लांबून, बोटीतून बघायचं."

"बरोबर आहे त्यांचं," काकू म्हणाल्या. "पक्ष्यांचंच बेट ते." आणि उठून दारातल्या कुंडीला पाणी घालायला गेल्या. कुंडीला पाणी घालून जेमतेम तासही झाला नव्हता.

काकांनी ते पाहिलं. त्यांनी तोंडातले खिळे वाटीत काढले. काम अर्धं टाकून खिळे काढणं म्हणजे दुकानाला आग लागण्याइतकी मोठी घटना.

"आम्हा दोघांची नावं घाल," ते लेकीला म्हणाले.

"दोघांची? बाबा, बोटीनं जायचंय. बोटीनं."

"हं."

लेकीनं तिथूनच बोटवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. बोटवाला फटकळ निघाला. "आधीच सांगतो, तिथे धक्का नाही. सपाट खडकापाशी रबरी होडी न्यायची. लाट होडीला वर उचलते, ती पुरती वर आली की पाऊल खडकावर टाकायचं. लाट उतरताना टाकलंत तर तुम्ही मधल्या फटीत. ज्याला जमत नाही त्याला मी उतरवत नाही. रडा, रागवा, काय वाटेल ते करा, तो होडीतच बसणार. आणि हो, बुटाला, खिशाला बी नाही, काडी नाही, धागा नाही. बाहेरचं काही तिथे रुजलेलं चालत नाही. निघताना तपासतात."

फोन बंद झाला आणि सगळ्यांच्या नजरा काकूंच्या गुडघ्याकडे गेल्या. गेल्याच वर्षी शस्त्रक्रिया झालेला गुडघा. चालायला आता काही त्रास नव्हता. पण पायरी आली की काकू थबकायच्या, खाली पायाकडे बघायच्या आणि मग पाऊल टाकायच्या. जिन्यावर त्यानं काही बिघडत नाही. लाट मात्र कुणासाठी थांबत नाही.

"तुम्ही बापलेकच जाऊन या," काकू म्हणाल्या. "मला येऊन सांगा. मला ऐकायची सवय आहे."

हे वाक्य काकांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्तीला आलेला एक लांबलचक सोफा दुकानाच्या मधोमध ओढला, त्याचं कापड सोडवलं, स्प्रिंगा एकमेकींना जखडणारी सुतळी कापली आणि वर एक फळी टाकली. मोकळ्या स्प्रिंगांवर फळी नाचू लागली. समोर जड लाकडी ठोकळा ठेवला.

"ही होडी. तो खडक. चढ."

"अहो, गिऱ्हाईकाचा सोफा आहे!"

"चढ म्हणतो ना."

काकू लांब झाडूच्या दांड्याचा आधार घेऊन फळीवर उभ्या राहिल्या. काका मागून पायानं फळी दाबायचे, सोडायचे, आणि ती वर आली की म्हणायचे, "आता." पहिले दिवस सगळा गोंधळ. काकू पायाकडे बघायच्या तोवर फळी खाली आलेली असायची. एकदा तर त्या हसत हसत सोफ्यातच बसल्या आणि उठेनात. काका म्हणाले, "पायाकडे बघायचं नाही. पाय कुठे पळून जात नाही. मी सांगतो तेव्हा टाकायचा." मग हळूहळू जमत गेलं. काकूंनी खाली बघणं सोडलं. त्या समोर बघायच्या, मागून शब्द आला की पाय आपला निघायचा.

मधेच सोफ्याचा मालक चौकशीला आला. काकू त्याच्या सोफ्यावर झाडूचा दांडा धरून उभ्या.

"माझा सोफा झाला का?"

"सोफा जरा समुद्रात आहे," काकू म्हणाल्या. "परवा या."

लेक रोज येऊन बघायची. एकदा म्हणाली, "बाबा, तुम्हीही एकदा चढून बघा की."

"मला येतं," काका म्हणाले, आणि पुन्हा खिळे तोंडात टाकले. ते त्या फळीवर एकदाही चढले नाहीत.

दुसरा घोळ कपड्यांचा. काकांच्या प्रत्येक शर्टात, प्रत्येक खिशात काथ्याचे धागे आणि गवताचा भुसा. आयुष्यभर जे गाद्यांत भरलं त्यातलं थोडं काकांतही भरलं गेलं होतं. झटकून झटकून लेकीनं हात टेकले आणि नवा कोरा विजार-शर्ट आणून दिला. बुटांच्या तळव्यांतली खाच न् खाच काकांनी मखमल साफ करायच्या ब्रशनं घासली. नव्या कपड्यांत ते मुलगी बघायला निघालेल्या नवरदेवासारखे अवघडून उभे राहिले. काकू म्हणाल्या, "तेव्हाही असेच दिसत होतात. तेव्हाही बोलला नव्हतात."

ठरल्या दिवशी समुद्र शांत होता. काकांना मात्र तसं वाटलं नाही. लेक किनाऱ्यावरच राहिली. मोठ्या बोटीतून रबरी होडीत उतरताच काकांनी डोळे मिटून घेतले होते आणि खिळ्यांच्या जागी गालात आल्याचा तुकडा धरला होता. सोबतची मंडळी एकेक करून खडकावर गेली. काकूंची पाळी आली. बोटवाल्यानं त्यांचा दंड धरला.

"चला आजी. आता!"

काकूंचा पाय हलला नाही. लाट उतरली.

"घाबरू नका. मी धरलंय. आता!"

पुन्हा नाही. आणखी एक लाट आली आणि गेली. बोटवाला फटकळ खरा, पण आवाज मऊ करून म्हणाला, "राहू द्या आजी. इथूनही छान दिसतं."

"बरोबर आहे तुमचं," काकू म्हणाल्या.

काकांनी मिटल्या डोळ्यांनी तो सूर ओळखला. कुंडीला दुसऱ्यांदा पाणी घालायला जाताना होता तोच. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुडघ्याला काहीच झालेलं नव्हतं. इतके दिवस त्यांनी तिला लाटेवर पाऊल टाकायला शिकवलंच नव्हतं, आपल्या शब्दावर टाकायला शिकवलं होतं. आणि शब्द देणारा इथे गालात आलं धरून, डोळे मिटून बसला होता.

त्यांनी डोळे उघडले. थेट पाण्याकडे पाहिलं. नजर हलवली नाही. हे त्यांच्या स्प्रिंगांसारखं नव्हतं. स्प्रिंग टुणकन वर येते. ही लाट जडपणे, सावकाश वर यायची आणि माथ्यावर जराशी रेंगाळायची. काकांनी एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. बाहेरचं काही इथे टाकायचं नाही, तेव्हा आलं थुंकायची सोय नव्हती, म्हणून ते तसंच गिळलं. मग होडीच्या कडेला धरून ते हलत्या होडीत उठून उभे राहिले आणि काकूंच्या मागे गेले.

"समोर बघ," ते म्हणाले. "थांब. अजून थांब. आता."

काकूंचा पाय निघाला. दुसरा त्याच्यामागून गेला. काकू खडकावर होत्या.

काकांचा जीव भांड्यात पडला. आपलं काम झालं, असं म्हणून ते परत बसायला वळले.

"आजोबा, तुम्ही?" बोटवाल्यानं विचारलं.

काकांनी होडी आणि खडक यांच्या मधल्या पाण्याकडे पाहिलं. त्यांना 'आता' म्हणणारं कुणी नव्हतं. फळीवर एकदा तरी चढायला हवं होतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात खडकावरून आवाज आला. मोठा नाही, घाईचा नाही, पण शब्द न् शब्द स्वच्छ. इतक्या वर्षांच्या संसारात काकांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता. तो कार्यालयात ठेवून काकू घरी यायच्या.

"बेटावरून बोलतेय. वारा मंद आहे. लाट येते आहे. थांबा." काका थांबले. "थांबा. आता."

काकांनी पाऊल टाकलं.

खडकावर आल्यावर बराच वेळ त्यांनी काकूंचा हात सोडला नाही. मग दोघं बाकीच्यांच्या मागून चढण चढून वर गेले. वळणापलीकडे एक मोठं झाड होतं. त्याचं पान दिसत नव्हतं, इतके पक्षी बसले होते. झाड पांढरंशुभ्र.

काकू उभ्या राहिल्या. जन्मभर बोलणारी ही बाई गप्प झाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

काका शेजारी येऊन उभे राहिले.

"ऐकतोय," ते म्हणाले. "पुढे बोला."