चौदा किलोमीटर, सपाट

सायकलवरून येणाऱ्या पाहुण्यांचा मास्तरांना मनापासून तिटकारा होता. रोज दुपारी ते आपल्या अतिथीगृहाच्या फाटकाशी बाकावर बसत. खालच्या गावाकडून कुणी धापा टाकत वर आला, की आत बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "आलं बघ आणखी एक मेणाचं बाहुलं!" पाहुण्यांचे कपडे भडक, हेल्मेट महागडी, बाटल्या तीन-तीन, आणि पायांत काडीचं बळ नाही. सायकलवरून उतरल्या उतरल्या प्रत्येकाचं रडगाणं एकच. "काका, ब्रेक घासतोय बहुतेक. जरा बघता का?" मास्तर चाक उचलून गरकन फिरवून दाखवत. चाक फिरतच राही आणि पाहुणा खजील होई. त्या क्षणासाठीच मास्तर हे अतिथीगृह चालवत होते, म्हटलं तरी चालेल.

वाट होतीच तशी देखणी. जुन्या मालगाडीचे रूळ उखडून तिथे बारीक खडी दाबली होती. दोन्ही अंगांना शेतं, मधूनच एखादं तळं, चरणारी गुरं, आणि मोटारींना सक्त बंदी. डोळ्यांना ना चढ दिसे ना उतार. शाळेत तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांकडे नऊ वर्षांपासून या वाटेची देखरेख होती. खालच्या टोकाची पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती: 'चौदा किलोमीटर. सपाट. लहान मुलांनाही सोपी.' शेवटचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, ते मास्तरांच्या पदरचं.

दर सोमवारी ते वरून खाली जात. पडलेल्या फांद्या बाजूला करत, कडेच्या चरातला पालापाचोळा काढत, आणि तरीही तासाभरात खाली पोचत. अंगावर घामाचा थेंब नसे. याचं सगळं श्रेय ते आपल्या मांड्यांना देत. परतताना मोठ्या रस्त्याने भाजीचा टेम्पो वर येई, त्यात सायकल टाकून घरी. नऊ वर्षांत आपण खालून वर एकदाही सायकल मारलेली नाही, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. दुसऱ्यांच्या धापा मोजणाऱ्याला एवढी सवड कुठली? "काका, थोडा चढ आहे हो," असं एखादा धीटपणे म्हणालाच, तर मास्तरांचं उत्तर तयार असे. "चढ मनात असतो."

मास्तरांची एकुलती एक लेक खालच्या गावात दवाखान्यात नोकरीला होती. तिने लग्नासाठी पसंत केलेला मुलगा दातांच्या कवळ्या बनवायचा. कामात तरबेज होता, पण मास्तरांनी न बघताच त्याचं नाव 'कवळीवाला' ठेवून टाकलं. भेटायला यायचं ठरलं, तेव्हा सासऱ्यावर छाप पाडावी म्हणून बिचारा सायकलने आला. मास्तर बाकावर घड्याळ लावून बसलेले. तो आला तो लालबुंद होऊन, सदरा पाठीला चिकटलेला. आणि तोंड उघडलं ते नेमकं, "काका, ब्रेक घासतोय वाटतं."

मास्तरांना आयतंच कोलीत मिळालं. जेवताना त्यांच्या जिभेचा पट्टा सुटला तो सुटलाच. "पाटी बदलावी लागणार. लहान मुलांनाही सोपी, कवळीवाल्यांना मात्र झेपणार नाही!" मुलगा कसनुसं हसला. लेक हसली नाही.

निघताना तिने शांतपणे सांगितलं, "बाबा, रविवारी त्याच्या आईने तुम्हाला जेवायला बोलावलंय. तिथे हो म्हणालात, तर लग्न याच अंगणात. नाही म्हणालात, तर आम्ही कचेरीत सह्या करू. मग मी या घराची पायरी चढणार नाही."

लेक बोलल्याप्रमाणे करते, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. आठवडाभर त्यांचं जेवणावरून मन उडालं. पण मोडेल पण वाकणार नाही, अशा गड्याचं करायचं काय?

रविवारी ते सायकलवरून ऐटीत खाली उतरले. जेवण उत्तम होतं, मुलाची आई आग्रहाने वाढत होती. तरी हे आपलं टुमणं सोडीनात. "सपाट वाटेवर ज्याचा दम निघतो, त्याच्या हाती पोर कशी द्यायची?"

लेकीने चमचा खाली ठेवला. "बाबा, तुम्ही जाल खालून वर? आज टेम्पो नाहीये."

"जाईन म्हणजे? एकदाही पाय न टेकता जाईन! टेकला, तर लग्न माझ्या अंगणात. नाही टेकला, तर हा विषय कायमचा बंद."

टेबलाभोवतीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. "काका, मीही येतो बरोबर," मुलगा उठायला लागला. लेकीने त्याची बाही धरली.

"कुणी जायचं नाही. बाबा सांगतील ते खरं. ते खोटं बोलत नाहीत."

मुलाच्या आईने गुपचूप पाण्याची बाटली भरून दिली. "असू द्या, लागेल." मास्तरांनी नाक मुरडून ती घेतली.

पहिले तीन किलोमीटर ते गुणगुणत होते. चौथ्यात गुणगुणणं थांबलं. सहाव्यात त्यांनी वाकून पाहिलं, ब्रेक घासतोय की काय. घासत नव्हता. टायरमधली हवा उतरली म्हणावं, तर टायर टणक. वारा समोरचा म्हणावा, तर झाडाचं पान हलत नव्हतं. समोर वाट नेहमीसारखी सपाट दिसत होती आणि मांड्यांची लाकडं झाली होती. डोळ्यांत घाम उतरला, बाटली कधीच रिकामी झाली.

आठव्या किलोमीटरला त्यांची नजर कडेच्या चराकडे गेली. चरातून पाण्याची बारीक धार वाहत होती, समोरून त्यांच्याकडे, आणि मागे गावाकडे. नऊ वर्षं हा चर त्यांनी स्वतःच्या हाताने साफ केला होता. पाणी कुठून कुठे जातं, हे एकदाही पाहिलं नव्हतं. हजारो माणसांना आपण मेणाची बाहुली म्हणालो, आणि स्वतः नऊ वर्षं नुसते उतारावरून घरंगळत होतो! त्यांना स्वतःची शिसारी आली.

पाय कधी टेकला ते त्यांना कळलंच नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. कुंपणापलीकडे एक गाय रवंथ करत उभी होती, आणि ती काही गावात जाऊन सांगणार नव्हती. मास्तरांच्या मनात तसं येऊन गेलं. मग लेकीचं वाक्य आठवलं. पुढे आणखी दोनदा पाय टेकला. शेवटचे दोन किलोमीटर ते सायकल हातात धरून चालत आले.

फाटकाशी बाकावर बायको बसली होती. त्यांचा अवतार बघून ती उठली.

"काय झालं हो?"

सवयच ती. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "ब्रेक घासतोय."

बायकोने सायकलचं मागचं चाक उचललं आणि गरकन फिरवलं. चाक फिरत राहिलं. थांबेपर्यंत दोघं त्याच्याकडे बघत उभी होती.

"लेकीला फोन लाव," मास्तर खाली बसत म्हणाले. "म्हणावं, टेकला. अंगण झाडायला घेतो. आणि त्या पोराला विचार, तो आला तेव्हा कितीदा टेकला होता?"

"एकदाही नाही," बायको म्हणाली. "त्याच दिवशी विचारलं होतं मी."