सांध्यातलं सूत

सुगंधा नखाने समई खरवडत होती. वरच्या वाटीत, वात बाहेर डोकावते त्या टोकाला, ज्वारीच्या दाण्याएवढा काळा मणी घट्ट चिकटला होता. चिंच लावून झाली, राख लावून झाली. मणी हलेना.

*

दवाखान्यातल्या मुलीने दत्तारामच्या उजव्या हाताच्या पाचही बोटांना एकेक करून सुई टोचली आणि विचारलं, "आजोबा, कुठल्या बोटाला लागलं?"

दत्ताराम खिडकीबाहेर बघत होता. "अगो, सुरू कर ना आता," तो म्हणाला.

*

प्लायवूडच्या तुकड्यावर निळ्या ऑइलपेंटने: इथे कोणी कुणाचा मुकादम नाही. ज्याने जे आणलं, त्याचा शब्द पुरे. दुसऱ्याचं काम तपासायचं नाही.

*

वारा कुठला, हे कांजूरच्या माणसाला विचारावं लागत नाही. डम्पिंगचा वास आला तर खाडीकडचा, नाही आला तर डोंगराकडचा.

*

सात वर्षांची दिशा वहीच्या पानावर लांबट होडी काढते आणि तिच्या पोटात चौकोन आखते. हा आजीचा, हा आजोबांचा, हा आईचा, हा माझा. हा मेथीचा.

*

होडी पाण्यात उतरली ती कार्तिक अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी.

बंद पडलेल्या फाउंड्रीच्या आवारातून हायड्रा क्रेनने तिला उचललं, ट्रेलरवर ठेवलं, आणि मिठागराच्या कडेकडेने जुन्या धक्क्यापर्यंत सगळे तिच्यामागून चालत गेले, विसर्जनाला जावं तसे. चाळीस फूट लांब, दोन शिडांची. पाच घरं, तेरा माणसं, अडीच वर्षं.

पाचही घरं एकाच ट्रान्झिट कॅम्पातली. चाळ पाडताना बिल्डर म्हणाला होता तीन वर्षं. त्याला आता अकरा झाली होती. अनय तिथला नव्हे. तो मुलुंडचा, जहाजांची ड्रॉइंग करणाऱ्या ऑफिसातली नोकरी सोडलेला. कुणाच्या तरी ओळखीने तो कॅम्पातल्या गळक्या टाकीचं काम बघायला आला आणि चहा पिता पिता म्हणाला की जमिनीवर राहायचं म्हणजे कुणाच्या तरी जमिनीवर राहायचं. ते वाक्य पाच घरांत घुसलं आणि बाहेर पडलंच नाही. शिडाला वारा फुकट, टपावर सोलर, पावसाचं पाणी टाक्यांत, मासे गळाला, पिंपांत मेथी, अळू, मिरच्या. पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या खाडीत आडोशाला जायचं. कुणाची नोटीस नाही, कुणाची सही नाही. पाटीवरचा नियम अनयने लिहिला, पण तो बोलून दाखवला होता सगळ्यांनीच. जन्मभर प्रत्येकाच्या कामावर कोणी ना कोणी येऊन बोट ठेवलं होतं. इथे तेवढं नको.

सुगंधाला समुद्राचं फारसं प्रेम नव्हतं. तिला दत्ताराम दिसत होता. गिरणी बंद पडल्यावर तो वॉचमन झाला, मग तेही सुटलं, मग कॅम्पात आल्यावर तो खाटेवर बसला तो बसलाच. केस विंचरणं सोडलं. सकाळचा चहा दुपारी गार सापडायचा. तो माणूस होडीच्या आवारात जायला लागल्यापासून सातला उठून इस्त्रीचा शर्ट मागू लागला.

होडी बांधणारा सीताराम सुतार दत्तारामच्या गावाकडचा, पंचवीस गलबतं हाताखालून गेलेला. त्याने फळ्या चढवल्या तेव्हा सांगितलं की सांध्यांत भरायला कच्चा कापूस गावाहून मागवू. दत्तारामला ते लागलं. तीस वर्षं सूतखात्यात काढलेल्या माणसासमोर कापूस गावाहून मागवायचा?

"कापसातला माका शिकव नको, सीताराम," तो म्हणाला. "तू लाकूड बघ."

आणि श्रावण अर्धा झाला तेव्हा तो भिवंडीहून टेम्पो भरून सुताच्या गोण्या घेऊन आला. पहिली गोणी त्याने कुणाला उचलू दिली नाही. स्वतःच्या डोक्यावरून आत नेली. फोडली, मूठभर सूत काढलं आणि डोळे मिटून अंगठ्याने चोळलं. इतर खात्यांत लोक काडी लावून बघायचे, राख झाली तर कापूस, मणी धरला तर भेसळ, तो सांगत होता, मी डोळे मिटून सांगायचो, कापूस किती नि भेसळ किती. साहेब पैज लावायचा माझ्यावर.

"आणि हरायचा कोण?" राजेश म्हणाला. राजेश वायरिंगचा माणूस. सोलरचं सगळं त्याच्याकडे होतं.

"साहेबच. नायतर माका ठेवता कित्याक?"

सगळे हसले. सीतारामही हसला. पाटी त्याच्या पाठीमागेच होती. त्याने गोणीत हात घातला नाही.

त्या दिवशी दत्तारामने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीतली अर्धी मागितली. भाकरी वाढताना सुगंधाने बघितलं: तव्याच्या कडेला त्याचा अंगठा टेकला होता आणि तो बोलतच होता. तिने त्याचं मनगट धरून हात बाजूला केला. दवाखान्यातली गोष्ट कुणाला सांगायची नाही, एवढंच तो तिला त्या वेळी म्हणाला होता. तिने अक्षतालाही, पोटच्या मुलीलाही, सांगितली नव्हती.

धक्क्यावर पूजा झाली. नारळ फुटला. अनयने चपला काढून पहिलं पाऊल ठेवलं, मग एकेक जण. दिशा आईचा हात सोडून धावली. सुगंधाने तिला दंडाला धरून मागे ओढलं, इतक्या जोरात की पोर कळवळली.

"तीन दिवस पोराने पाय ठेवायचा नाही," सुगंधा म्हणाली. "आमच्याकडे पद्धत आहे."

अनयने मान डोलावली. कोकणातल्या अशा गोष्टी त्याला आवडायच्या. तो वहीत लिहून ठेवायचा. दत्ताराम मात्र वळून बघू लागला. त्याचा बाप गलबतावर तांडेल होता.

"ही खंयची पद्धत गो?"

"माझ्या माहेरची."

तिचं माहेर घाटाच्या पायथ्याला. तिथल्या नदीत उन्हाळ्यात म्हशीसुद्धा बसत नसत, एवढंच पाणी. पण अमावास्येच्या मुहूर्तावर कोण वाद घालणार? अक्षताने दिशाला उचलून घेतलं आणि कडेवरूनच होडी दाखवली.

पहिल्या दिवशी पाणी येणारच, हे सीतारामने आधीच बजावलं होतं. नवी होडी तहानलेली असते. कापूस पाणी पितो आणि फुगतो, लाकूड फुगतं, सांधे आपोआप मिटतात. तिसऱ्या दिवशी बघा, आत काडी पेटवाल. म्हणून कोणी घाबरलं नाही. तेलाचे डबे कापून केलेल्या ढोसक्यांनी पाणी उपसायच्या पाळ्या लागल्या. अंताक्षरी झाली. राजेशने उपसता उपसता कुणाला तरी सांगितलं की आपल्या बायकोने एवढं पाणी घरात कधी बघितलं नाही, तिला बोलवा, खूश होईल.

दुसऱ्या दिवशी पाणी घोट्यावर होतं. अंताक्षरी कोणी सुरू केली नाही. राजेशने पंप लावला.

सुगंधा दोन्ही दिवस तिथेच होती. तिच्याकडे डब्यांचं आणि चहाचं काम, पण ती मधूनच ढोसकं घेऊन खाली उतरायची आणि उपसत राहायची. बाकीच्यांची पाळी अर्ध्या तासाने बदलायची, ती बदलू द्यायची नाही. अक्षता म्हणाली, आई, बस आता, हात बघ तुझे. सुगंधाने हात बघितले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंप जळला. दुपार कलल्यावर ओहोटी लागली आणि पाणी भरलेली होडी खालच्या चिखलात बसू लागली. बसताना ती कलली, धक्क्याच्या दगडाला टेकली, आणि आतल्या पाण्याचं सगळं वजन एका कुशीवर आलं. आवाज एकदाच झाला, कोणी पाट आपटावा तसा. मग मोडलेल्या फळ्यांतून पाणी शांतपणे बाहेर वाहू लागलं, तीन दिवस उपसूनही जे बाहेर जात नव्हतं ते.

खाडीतून एक कोळी आपली छोटी होडी हाकत गेला. त्याने एकदा बघितलं आणि मान वळवली.

"नोकरी सोडून बसलोय मी, यार," राजेश शेवटी म्हणाला. तो कुणाकडे बघत नव्हता. मग सीतारामकडे बघू लागला. "सीतारामकाका, वाट लागली ना सगळ्यांची. सांधे एवढाले कसे ठेवलेत तुम्ही?"

अनय हलक्या आवाजात म्हणाला की असं नको, मुकादमी नको. पण तोही सीतारामकडेच बघत होता.

सीताराम चिखलात उतरला. मोडलेल्या फळीच्या कडेला त्याने पटाशीचं टोक घातलं आणि सांध्यातून हातभर सूत ओढून काढलं. पिळलं. पाणी गळून गेलं आणि सूत जसं भरलं होतं तसं, तेवढंच, त्याच्या हातात राहिलं. तो वर आला. उरलेल्या सुताची गोणी धक्क्यावर, चहाच्या स्टोव्हशेजारी होती. सगळ्यांकडे पाठ करून त्याने तिच्यातला एक कोरडा धागा उपसला आणि बिडीचा लायटर लावला. स्टोव्हशी सुगंधा होती. धाग्याची राख झाली नाही. तो आक्रसत वर गेला, टोकाला काळा मणी धरला, आणि मणी टपकन दगडावर पडला.

सीतारामने त्यावर पाय ठेवला. मान वर केली तेव्हा सुगंधा त्याच्याकडे बघत होती.

पलीकडे दत्तारामने सांध्यातून निघालेलं सूत उचललं होतं. अंगठा आणि दोन बोटांत धरून, डोळे मिटून तो चोळत होता, पुन्हा पुन्हा.

"सुतात खोट नाय," तो म्हणाला. "अस्सल आसा. बोटाक कळता ना." मग डोळे उघडून, विनवल्यासारखं: "सीताराम, तू सांग."

भरती लागायला अजून वेळ होता. चिखलातून बुडबुडे फुटत होते. सीतारामने लायटर खिशात टाकला.

"होय रे," तो म्हणाला. "सूत अस्सल. सांधो माजोच चुकलो."

राजेशने हातातलं ढोसकं भिरकावलं. ते चिखलात जाऊन रुतलं.

सीतारामने संध्याकाळच्या आत हत्यारं बांधली. त्याला सोडायला कोणी आलं नाही. पाटीवर नियम न तपासण्याचा होता, निरोपाचा नव्हता. सुगंधा एकटी आवाराच्या फाटकापर्यंत गेली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, पदर सारखा केला, आणि म्हणाली:

"जेवून गेले असतात."

"नको वैनी." त्याने पिशवी खांद्यावर घेतली. थोडा थांबला. "त्याका सांभाळा. हात भाजून घेता तो."

तिने मान हलवली. सीताराम मिठागराच्या रस्त्याने गेला. पुढे गावाकडच्या एका बंदरात एक गलबत दुरुस्तीला आलं होतं, ते काम त्याला मिळता मिळता दुसऱ्याला गेलं. मुंबईतली गोष्ट तिथपर्यंत पोचली होती. हे अक्षताने कुणाकडून तरी ऐकलं आणि जेवताना सांगितलं. दत्ताराम म्हणाला, वाईट झाला, पण चूक ती चूक. सुगंधा ताटातला भात एका बाजूला सारत राहिली.

लाकूड फाउंड्रीच्या आवारातच पडून राहिलं. अनय काही दिवस यायचा, मोडलेल्या फळ्यांची मापं घ्यायचा, मग येईनासा झाला. मेथीची पिंपं कॅम्पातल्या लोकांनी पाणी भरायला नेली. पाटी कुणीतरी गटारावर आडवी टाकली, जाता-येता पाय ठेवायला.

दत्ताराम खाटेवर परतला. केस विंचरणं पुन्हा थांबलं. पण कोणी आलं-गेलं तर तो उठून बसायचा, सदऱ्याचं बटण लावायचा आणि सांगायचा की बाकी काही असो, माझ्या सुतात खोट नव्हती. सीतारामने सर्वांसमोर कबूल केलं. हिला विचारा.

"हो," सुगंधा म्हणायची.

एका सकाळी दिशा वही घेऊन तिच्या मांडीशी आली. होडीचं पान उघडलेलं होतं. चौकोनांवर आता रंग भरला होता. मेथीच्या चौकोनाला हिरवा, आजोबांच्या चौकोनाला निळा.

"आजी, तीन दिवस झाले ना? आता ठेवू पाय?"

सुगंधाने समई मांडीवर घेतली आणि नख लावलं.

समईतली ती वात गणेश चतुर्थीची होती. कापसाच्या वाती संपल्या म्हणून सुगंधाने गोणीतल्या सुताची वळली होती. सांध्यांत सूत ठोकायला सुरुवात झाली त्यानंतर सोळा दिवसांनी, होडी पाण्यात उतरायच्या जवळजवळ तीन महिने आधी.