आरशासमोरचे हात

मित्रांनो, मला ऐकू येत नाही. पण ओठ मात्र मी छान वाचतो. कर्वेनगरातल्या मूकबधिर मुलांच्या शाळेत भिंतीवर टांगलेला मी एक जुना आरसा. इतकी वर्षं माझ्यासमोर दुसरं शिकवलं काय?

रविवार पेठेतल्या काचवाल्यानं मला सागवानी चौकटीत बसवलं. आधी एका शिंप्याच्या दुकानात होतो. दुकान उठलं आणि मी देणगी म्हणून शाळेत आलो. मूल माझ्याजवळ तोंड आणून ‘म’ म्हणे, नाकातल्या वाफेनं काच धुरकट झाली की बाई खूश होत. पाहुणे आले की माझ्यासमोर आणून त्यांना हे दाखवत. मुलांचे हात मात्र मांडीखाली दाबलेले. हातवारे केले तर मूल बोलायला शिकणार नाही, अशी तेव्हा सगळ्यांची ठाम समजूत होती. वाईट कुणीच नव्हतं हो!

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत प्रेमलाबाई शिक्षकांच्या अधिवेशनाला दिल्लीला जाऊन आल्या. माझ्याच खोलीत त्यांनी अहवाल वाचला. ‘मुलांचे हात मोकळे सोडा, हातांचीही भाषा असते,’ हे तिथं शिकलेलं त्यांनी तळमळीनं सांगितलं. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक श्रीनिवास सर म्हणाले, “उत्तम. आपण जरूर विचार करू.” पुण्यात ‘विचार करू’ म्हटलं की विषय संपतो. दुसऱ्या दिवशी पहिल्याच मुलाला प्रेमलाबाई स्वतःच म्हणाल्या, “हात खाली.” सवय, दुसरं काय!

त्यांच्या वर्गात सात वर्षांची जैनब होती. शनिवार पेठेतून तिचे आजोबा दादामियाँ तिला सायकलवर आणत. संक्रांतीनंतर ती रिक्षानं येऊ लागली. डबा तसाच परत जाऊ लागला. शाळा सुटली की ती फाटक धरून उभी राही, रिक्षात बसायला तयार नसे. माझ्यासमोर बसली की हात बाहेर काढी, हनुवटीखाली दाढी कुरवाळी, सायकलचं हँडल धरी आणि मग रिकामे तळहात बाईंपुढे पसरी.

“हात खाली,” बाई म्हणत.

एक दिवस जैनबनं हात बाहेर काढलेच नाहीत. नुसती माझ्यात बघत बसली. बाईंनी माझ्यातून तिचा चेहरा पाहिला आणि त्यांचा स्वतःचा चेहरा उतरला. त्यांनी तिचे हात मांडीखालून ओढून काढले.

“सांग, बाळ. पुन्हा सांग.”

दाढी. हँडल. कुठंय?

बाईंनी तिच्या वडिलांना, रज्जाकभाईंना, बोलावून घेतलं.

“माझ्या अब्बांना जाऊन तीन महिने झाले, बाई,” ते म्हणाले. “पण हिला कसं सांगणार? हिला तो शब्दच येत नाही.”

बाईंना फार लाज वाटली. जैनबसमोर बसून त्यांनी दाढी दाखवली, तळहातावर गाल टेकला, डोळे मिटले. जैनबचा चेहरा खुलला. दोन्ही हातांनी तिनं हवेतच कुणाला तरी हलवलं. उठवा ना!

हे कुठल्या अधिवेशनात सांगितलेलं नव्हतं. रज्जाकभाईंनी डोळे पुसले.

“आमचा पोपट मेला, तेव्हा त्याला पुरताना अब्बांनी हिच्या हातून माती देववली होती,” ते म्हणाले. मग फरशीवर बसून त्यांनी दाढी कुरवाळली, जमिनीवर हात टेकला आणि मूठ उघडून वरून माती सोडली. पुन्हा एकदा सोडली.

जैनबला कळलं. ती कशी रडली ते मला ऐकू आलं नाही. पण शेजारच्या वर्गातल्या मंदाकिनीबाई धावत आल्या. खूप वेळानं जैनबनं नाक पुसलं, आपली मूठ पुढं केली आणि आजोबांना माती दिली.

दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गातले हात मांडीवर आले. श्रीनिवास सर दारात उभे राहिले, ते हात पाहिले आणि परत गेले.

मित्रांनो, माझा पारा आता उडत चालला आहे. मला फार काही नको. तुम्ही मोठे व्हाल, सभांना-परिषदांना जाल, काही चांगलं शिकून याल. त्याचा अहवाल सावकाश लिहा. शिकलेलं मात्र दुसऱ्याच दिवशी वापरायला काढा. ते नुसतं ठेवून दिलं, की कुणीतरी वाट बघत राहतं. जैनबनं तीन महिने पाहिली.