फळ्यावर आलेली गेर

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. अंग काळं, चौकट सागवानी, स्वभाव जरा खोचक. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या सुताराने मला घडवलं आणि तिथल्याच एका शाळेत टांगलं. माणसं जोखायची सवय मला तिथेच लागली. कोण उत्तर येतं म्हणून पुढे येतो आणि कोण बाईंनी बघावं म्हणून, हे मला खडूच्या पहिल्या रेघेतच कळायचं. अनुश्री मात्र तिसऱ्याच खात्यात जमा. उत्तर चुकलं की तिचे डोळे चमकायचे!

पुढे पांढरे फळे आले आणि मी सायकल स्टँडमागे गेलो. इकडे अनुश्री उपयोजित गणितात डॉक्टर झाली. शाळेत पाहुणी म्हणून आली, ती शाल नाकारून मलाच मागून घेऊन गेली. मल्हारगंजातल्या घराच्या दारात तिच्या आईने, सरोजिनीबाईंनी, कपाळाला हात लावला. "देखो भिया," त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "लोकांच्या मुली सोफा आणतात!"

पण मित्रांनो, काय दिवस आले ते! सांवेरच्या बस कधी सोडाव्यात, पाण्याच्या टाक्या कधी भराव्यात, सगळं माझ्या अंगावर सुटलं. पेपरात तिचा फोटो आला. मागे माझा कोपरा होता, हे कोणी बोललं नाही. असो.

यंदा रंगपंचमीच्या आदल्या दिवशी आरोग्य विभागाच्या देवेंद्रजींचा फोन आला. "मॅडम, उद्या गेर आहे. रंगाची मिरवणूक, लाखो लोक रस्त्यावर येणार. अँब्युलन्स कुठे उभ्या करू? संध्याकाळपर्यंत सांगा. कोणी अडकला तर जान का सवाल है."

अनुश्रीने माझ्यावर गल्ल्या काढल्या आणि गेरचे रस्ते बंद म्हणून खोडले. गाडी कुठेही उभी करा, मधल्या घरांपर्यंत पोहोचतच नव्हती. शेवटी तिने खडू ठेवला. "आई, नाही जमत. दुसऱ्या कोणाला तरी विचारा म्हणून कळवते."

सरोजिनीबाई उद्याच्या रंगापासून सामान झाकायला जुन्या चादरी काढत होत्या.

"फळा आत्ताच झाकू नकोस गं," अनुश्री म्हणाली.

"आत्ता कशाला? गेर दारात आली की टाकीन, पुढे गेली की काढीन. दिवसभर घर झाकून बसू काय? पोहे कोण करेल?"

अनुश्री एकदम उडालीच. "आई! गेर पुढे सरकते! मी तिला भिंत समजून रस्ते दिवसभर बंद ठेवले. इंदूरची असून!"

खडू असा धावला की माझी चौकट थरथरली. गाडी आता गेरच्या शेपटामागून चालणार, मोकळ्या झालेल्या रस्त्याने!

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. शेजारच्या गल्लीतल्या मारुतीकाकांच्या छातीत कळ आली होती. गाडी गेरमागून आली, काका वेळेवर दवाखान्यात पोहोचले. सरोजिनीबाईंनी रंगलेल्या हातांनी लेकीला असं कवटाळलं की दोघींचे चेहरे ओळखू येईनात.

परवा काका स्वतःच्या पायांनी जिना चढून आले. "हाच काय तो?" म्हणत, मोठ्या मायेने रुमाल काढून मला पुसू लागले.

"काका, थांबा!" अनुश्री ओरडली. "पुढच्या वर्षीची गेर आहे ती!"

मित्रांनो, मला अवश्य पुसा, कोरड्या फडक्याने पुसा. फक्त आधी विचारा, कोणाचं गणित अजून चाललंय का.