दही घेऊ नका

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. आमच्या गल्लीत साथ आली नाही, समिती आली. साथ महिन्याभरात गेली. समिती राहिली.

समितीत दोनच माणसं. अध्यक्ष हेमराजभाऊ, आमच्या लूम खात्यातले, म्हणजे मागांच्या कारखान्यातले, मुकादम. आणि सभासद दत्तू, ज्याला कोणी विचारलं नव्हतं. गावाकडं पळालेली माणसं परतल्यावर दोघांनी भेस्तानच्या दवाखान्यातून घरटी कॅप्सूल आणल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "कॅप्सूल घेतल्यावर दोन तास दूध-दही घेऊ नका, औषध अंगी लागणार नाही." हे सगळ्यांना कळावं म्हणून पाटी लिहायची ठरली. माझं अक्षर चांगलं, म्हणून ब्रश माझ्या हातात आला. फळी लहान होती. दोन तास त्यात मावेनात. दूध मुद्दामच गाळलं, कारण समिती चहा प्यायची. उरलं ते असं: 'दही घेऊ नका.'

एवढा माझा गुन्हा. पुढचा समितीचा.

दुसऱ्या दिवशी हेमराजभाऊ आपलीच पाटी वाचून दचकले आणि घरोघरचं दही गटारात ओतत निघाले. आमच्या उंबऱ्यात आई बसली होती. मांडीवर मडकं.

आई, म्हणजे उषाबाई, लग्न होऊन अमळनेरहून इथं आली तेव्हा तिच्या मायनं सोबत विरजण दिलं होतं. तेवीस वर्षं झाली. रोज रात्री दूध, रोज सकाळी दही, आणि त्यातलंच चमचाभर पुढच्या रात्रीला. एका दिवसाचा खंड नाही. साथीत पळालो तेव्हा लोकांनी ट्रंका उचलल्या, आईनं मडकं. गाडीत माणसं एका पायावर उभी होती. मडक्याला खिडकी मिळाली.

"वहिनी, मडकं ओता."

"नही वतनार."

"पाटीवर लिहिलंय."

"पाटी कोनी लिखी?"

मी पत्र्याचं छत बघू लागलो.

"अहो, आंबट, शिळं. त्यात जंतू असतात!"

"शेतस ना! जितं शे म्हनीसन तं दही लागस. तुमना पोटमा बी तेच शेतस. बाहेरना मारा, घरना कसाले मारतस?"

"माझ्या पोटात जंतू?" हेमराजभाऊ मनापासून दुखावले. मुकादमाला असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं.

तेव्हा दत्तू बोलला. "एक काम करू. मडक्यालाच एक कॅप्सूल देऊ. जंतू असला तर मरेल, नसला तरी चालशे."

इतका समजूतदार ठराव गल्लीत आजवर झाला नव्हता. आई म्हणाली, "हात लायी दखाड."

दत्तूनं हात लावला नाही. तीन दिवसांनी रात्री दूध विरजून आई नळावर गेली, तेव्हा लावला. मी लूमवर होतो. घरात असतो तरी अडवलं नसतं, पाटीचा विषय निघाला असता.

सकाळी मडक्यात दूध. रात्री घातलं तसंच्या तसं. तळाशी पिवळी पूड.

आई रडली नाही. मडकं उचलून ती थेट संडासाच्या रांगेत गेली, कारण सगळी गल्ली तिथंच होती. कॅप्सूल सुरू होऊन पाच दिवस झाले होते, पोटं सुटली होती आणि संडास दोन होते. हेमराजभाऊ हातात डबा धरून अकराव्या नंबरावर, पाय आवळून उभे.

"दखा." आईनं मडकं त्यांच्या नाकाखाली धरलं. "तेवीस वरीसमा पहिलांदाव दही लागनं नही. एक गोळीमा. तुम्ही किती खाध्यात?"

"वीस," हेमराजभाऊंच्या तोंडून निघून गेलं.

रांगेतला प्रत्येक माणूस आपापल्या पोटाकडं बघू लागला.

"आते मनं विरजण आनी द्या," आई म्हणाली. गल्लीतल्या प्रत्येक घरचं दही तिच्याच मडक्यातून गेलेलं. पण प्रत्येक घरचं गटारात गेलं होतं.

दत्तू म्हणाला, "काकू, पर्वत पाटिया नाक्यावरच्या डेअरीत मस्त दही मिळतं."

"मनी मायनं विरजण मिळस का तठे?"

दत्तूनं आपला नंबर सोडला आणि मागच्या माणसाला पुढं केलं. त्या रांगेत हा फार मोठा त्याग होता.

दुपारी पदराखाली वाटी घेऊन शोभाबाई आल्या. हेमराजभाऊंच्या बायको.

"उषाताई, घ्या. तुमचंच आहे. फिनाईलच्या खोक्यामागं लपवलं होतं. समिती सगळ्यांची घरं तपासते, अध्यक्षाचं कोण तपासणार?"

जुनं मडकं औषध पिऊन बसलेलं, म्हणून आईनं नवं आणलं. दूध कोमट केलं, वाटीतलं चमचाभर घातलं, आणि उंबऱ्यात येऊन बसली. आता नळावरही मला पाठवलं.

दिवेलागणीला हेमराजभाऊ आले. चेहरा धुतलेल्या कापडासारखा.

"वहिनी, शोभा म्हणते तुमच्याकडं... वाटीभर..."

"दिवा लागना. दिवा लागावर दही घरबाहेर जात नही. तुमनी माय देत व्हती का?"

"नव्हती," ते पडक्या आवाजात म्हणाले. "पण वहिनी, सकाळपर्यंत माझं काय होईल?"

"डबा शे ना जवळ? सकाळी या. आनि येताना ती फळी लई या."

सकाळी मडक्यात सुरी उभी राहील असं दही होतं. हेमराजभाऊ फळी काखेत घालून दारात उभे होते. मागं दत्तू, त्याच्या मागं गल्ली. प्रत्येकाच्या हातात वाटी. रांग तीच, फक्त जागा बदलली.

आईनं मला मोठी फळी दिली. मी डॉक्टरांचं वाक्य पूर्ण लिहिलं, दोन तासांसकट, दुधासकट. खाली आईनं आपली ओळ घालायला लावली: 'मंग पोटभर घ्या.'

आठवड्याभरात संडासाची रांग तुटली. दत्तू म्हणतो, कॅप्सूल संपल्या म्हणून. आई फक्त त्याची वाटी अर्धी भरते.

जुनी फळी आईनं नव्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली आहे, अक्षरं वर करून. 'दही घेऊ नका' बाजूला सारायचं आणि दही घ्यायचं.