मंगळवारी उसळणाऱ्या आसरा

मंगळवार आणि शुक्रवार या दोन दिवशी खैरमाळच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची. दिंडोरीकडून रिक्षा यायच्या, पिंपळगावकडून पिकअप यायच्या आणि नाशिकच्या द्वारका चौकातून तर जीपगाड्या टपापर्यंत भरून यायच्या. गाड्यांमधून बायका उतरत. एका हातात हळदीची पुडी, दुसऱ्या हातात रिकामी बाटली. नारळवाल्यांची चलती होती. पुंजाच्या चहाच्या टपरीला तर दोन नवे बाक आणि एक नवा पंखा आला होता.

हे सगळं कशासाठी, तर गायरानाच्या कडेच्या एका मेलेल्या बोअरवेलसाठी. पंचायतीने ती पूर्वी कधीतरी खोदली होती. धुरळ्याशिवाय काही निघालं नाही म्हणून तिच्या तोंडावर दगड ठेवून सगळे विसरून गेले होते. यंदा दिवाळीच्या सुमारास तो दगड आपोआप बाजूला सरकला आणि आतून फेसाळ, कोमट, पिवळसर पाणी गुडघाभर उंच उसळलं. पाण्याला वासही होता. पहिल्या दिवशी लोक नाक धरून म्हणाले, काहीतरी भलतंच आहे, तालुक्याला कळवू. दुसऱ्या दिवशी कुंदनमहाराज गावात हजर झाले आणि तक्रारीचा विषयच मिटला.

"अरे येड्यांनो, हा वास नाय, हा जडीबुटीचा सुगंध हाय!" महाराजांनी हात वर करून जाहीर केलं. "पाताळातून साती आसरा वर आल्यात. विहिरीला हळद-कुंकू वाहायचं तुम्ही सोडलं, नळ आले, मोटारी आल्या. पण आया त्या! लेकरांवर किती दिवस रुसतील?"

विहिरीतल्या या सात देवतांना खैरमाळच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हळद-कुंकू वाहत आल्या होत्या. त्यामुळे बोलणं बरोबर काळजात गेलं. आणि मग महाराजांनी चिमूटभर हळद त्या पाण्यात टाकली. हळद लालभडक झाली! हळद द्या, कुंकू घ्या. सौभाग्यवतीला याहून मोठा पुरावा कोणता हवा? बायकांनी जमिनीवर डोकं टेकलं. पुरुषांनी मोबाईल काढले.

तेव्हापासून कार्यक्रम ठरून गेला. मंगळवारी आणि शुक्रवारी आरती सुरू व्हायची. महाराज हिरवी शाल पांघरून डोळे मिटून बसायचे. मधेच शालीच्या आत काहीतरी थरथरायचं, की महाराज ताडकन उभे राहून ओरडायचे, "आल्या! आल्या!" आणि थोड्याच वेळात बोअरमधून पाणी उसळायचं.

देवराम जाधव हा सगळा प्रकार आपल्या द्राक्षबागेच्या बांधावरून पाहायचा. देवराम काही नास्तिक नव्हता. खंडोबाला दर वर्षी जायचा. पण त्याचा स्वभाव खवट आणि जीभ त्याहून खवट.

"देव असंल तर असू दे," तो पुंजाला म्हणाला, "पण टायमावर येणारी बस मी आजवर पाहिली नाय, आणि या आसरा बघ, घड्याळ लावून येत्यात."

"काका, हळू बोला," पुंजा चहा गाळत म्हणाला. "गिऱ्हाईक ऐकतंय."

देवरामने हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच्या घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याच्या बायकोला, आक्काबाईला, शुगर होती. डॉक्टरांनी गोळ्या कधीही चुकवायच्या नाहीत असं बजावलं होतं. महाराजांनी तिला सांगितलं, "माय, गोळी आन् तीर्थ एका पोटात नांदत नसतात. कोणतं तरी एक ठेवा." आक्काबाईने तीर्थ ठेवलं. रोज सकाळी पेलाभर.

तिचं तोंड आलं, जिभेला फोड आले. भाकरीचा तुकडा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. एकदा बागेत डिपिंग करताना, म्हणजे घड औषधात बुडवताना, चक्कर येऊन ती वेलीखाली बसली, ती बराच वेळ उठलीच नाही. देवरामने तिला उचलून घरी आणलं. संसारात एवढी वर्षं भांडल्यावर, भांडायला समोर कोणी नसलं तर काय करायचं, हे त्याला सुचेना.

"आक्के, गोळी घे. पाया पडतो तुझ्या."

"तुम्ही पाया पडायची येळ कधी येती, हेच बघायचं होतं मला," ती फोड सांभाळत हसली. "महाराज म्हणले, तोंड येतंय म्हंजे आतला रोग भायेर पडतोय. आता थोडंच राहिलंय."

"थोडं राहिलंय, ते मलाबी दिसतंय!" देवराम ओरडला आणि ओरडल्याचं लगेच वाईट वाटून गोठ्याकडे निघून गेला.

बोलून उपयोग नव्हता. उपयोग झाला तो फवारणीचा.

द्राक्षवाल्यांची एक सवय असते. औषध मारायच्या आधी ड्रममधल्या पाण्याचा पीएच बघायचा. एक कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची. रंग पिवळसर राहिला तर पाणी चांगलं. निळसर झाला तर पाणी खारट-कडू, त्यात महागडं औषधही फुकट जातं आणि पानं करपतात. परदेशात पाठवायचा माल असला की या बाबतीत देवरामसारखा माणूस देवाचंही ऐकत नाही.

त्या दिवशी त्याने ड्रममध्ये पट्टी बुडवली आणि ती गडद निळी झाली. इतकी निळी पट्टी त्याने कधी पाहिली नव्हती. दुसरी बुडवली, तीही तशीच.

"हे पाणी कुणी बदललं?"

आक्काबाई पदराशी चाळा करत उभी होती. "बदललं नाय. मी फक्त त्यात कॅनभर तीर्थ टाकलं. म्हणलं, बागेलाबी आसरांचा आशीर्वाद मिळू दे. औंदा घड कमीच दिसत्यात."

देवरामने ड्रम लाथेने आडवा केला. मग विहिरीच्या साध्या पाण्यात पट्टी बुडवली, ती पिवळी राहिली. त्याने दोन्ही पट्ट्या बायकोच्या तळहातावर ठेवल्या. त्याचा आवाज आता अगदी खाली आला होता.

"आक्के, हे पाणी मी माझ्या द्राक्षाच्या पानावर मारणार नाय. पान जळंल म्हणून. आन् तू ते रोज पोटात घालती."

आक्काबाईने दोन्ही पट्ट्या परत त्याच्या हातात दिल्या. पण दुसऱ्या दिवशीचा पेला तिने ओट्यावर तसाच ठेवून दिला, आणि गोळीही घेतली नाही. दोघांच्या मधोमध थांबली होती बिचारी.

देवरामने आक्काबाईच्या भाचीला, मोहिनीला, फोन लावला. मोहिनी नाशिकच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. ती स्कूटरवर आली. पट्ट्या पाहिल्या, बोअरच्या पाण्याला बोट लावून ते दोन बोटांत चोळलं. साबणासारखं बुळबुळीत लागलं.

"काका, हे पाताळातलं नाही. पृष्ठभागावरून खाली गेलेलं काहीतरी आहे. कारखान्यात धातू धुतात ना, तसल्या सोड्याचं पाणी वाटतंय. इथे जवळपास टँकर कुठे येतात?"

देवरामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच्या बागेला लागून एक अरुंद वाट होती. त्या वाटेच्या टोकाला, गायरानाच्या पलीकडे, अश्विनशेठ नावाच्या माणसाची पत्र्याची शेड होती. वर पाटी होती 'रोपवाटिका'. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे टँकर जायचा आणि त्याची धूळ देवरामच्या पानांवर बसायची. यावरून तो टँकरच्या ड्रायव्हरशी भांडलाही होता.

दोघं शेडच्या कुंपणापाशी गेले. आत एकही रोप नव्हतं. कुंपणाच्या आत गवतसुद्धा जळालेलं होतं. एक मोठी मोटार होती, आणि तिचा जाड पाईप शेडमधल्याच एका जुन्या बोअरच्या तोंडात घट्ट बसवलेला होता.

"रोपं कुठंयत, रे?" देवरामने राखणदाराला विचारलं.

"यायचीत."

"आन् टँकर भरून येतो, रिकामा जातो. मग पाणी कुणाला घालता?"

"रोपं आल्यावर लागंल ना," राखणदार म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

मोहिनीने परत येताना समजावून सांगितलं. अशा कारखान्यांच्या घातक सांडपाण्यावर प्रक्रिया करायची तर खर्च होतो. म्हणून कोणीतरी ते ठेकेदाराला देऊन मोकळं होतं. अश्विनशेठसारखा ठेकेदार ते जोराने जमिनीत ढकलतो. कायद्याने याला बंदी आहे, पण जमिनीखाली कोण बघतं? मात्र आपला काळा खडक काही सलग नसतो, त्याला भेगा असतात. एका बोअरमध्ये दाबून भरलेलं पाणी भेगेतून दुसऱ्या बोअरमधून वर येतं. ते नेमकं गायरानात आलं, बोभाटा होणार असं दिसलं, म्हणून अश्विनशेठने महाराज आणून बसवले असणार.

"चल, आत्ताच जाऊन सांगू सगळ्यांना."

"सांगून कोणी ऐकेल का, काका? मी पाण्याचे नमुने घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार देते. पण गावाने आपल्या डोळ्यांनी बघायला हवं. एक करा. येत्या मंगळवारी तो टँकर थांबवा. आणि मग बघू, आसरा थांबतात का."

मंगळवार उजाडला. गर्दी नेहमीपेक्षा जास्तच होती. आणि नेमका त्याच दिवशी देवरामचा ट्रॅक्टर त्या अरुंद वाटेवर आडवा होऊन बंद पडला. बिघाड काय, ते देवरामला काही केल्या सापडेना. तो बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला. मागून टँकरवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

तिकडे आरती सुरू झाली. महाराज डोळे मिटून बसले. आरती संपली, शाल काही थरथरली नाही. दुसरी आरती झाली. मग देवीची सगळी स्तोत्रं झाली, टाळ्या मंदावल्या, पोरं रडायला लागली. महाराज एका डोळ्याने शालीत डोकावले, तर शेडवरून मोटार चालू झाल्याची खूण देणारा मोबाईल गप्प. तोंडाने मात्र गर्जना चालूच होती.

"गर्दीत कुणीतरी अपवित्र हाय! म्हणून आया रुसल्यात!"

बायका एकमेकींकडे संशयाने बघू लागल्या. एका सुनेला तर तिच्या सासूने मागे ढकललं. शेवटी महाराजांनी जाहीर केलं की आज आसरांचा उपास आहे, आज त्या येणार नाहीत, आणि ते मंडपामागे जेवायला गेले.

मोहिनीने देवरामला फोन केला. ट्रॅक्टर ताबडतोब चालू झाला. टँकर शेडकडे गेला. लोक पांगायच्या बेतात होते, तेवढ्यात बोअर गुरगुरली आणि पाणी फुसफुसत उसळलं! आरती नाही, मंत्र नाही, महाराजांच्या एका हातात पुरणपोळी. उपास करणाऱ्या आसरा न बोलावता हजर.

"बघा!" देवराम बांधावरून धावत येत ओरडला. "टँकर अडवला तर आसरा अडल्या, टँकर सोडला तर आसरा सुटल्या! शेडमधली मोटार आत्ता चालू हाय, कान लावून ऐका!"

लोक गोंधळले. महाराज मात्र पोळी ठेवून पुढे आले. माणूस कसलेला होता.

"माता आली, ती भक्तांच्या हाकेला उशिरा आली! आन् समजा टँकर असंल, तर हळदीचं कुंकू कोण करतंय? सांग ना, देवराम!"

"त्याचं असंय, पाण्याचा पीएच जो..." देवराम सुरू झाला आणि मागून कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. देवरामचा चेहरा पडला. मोहिनी पुढे येणार, तोच बायकांमध्ये बसून सगळं बघत असलेली आक्काबाई उठली. तिला उभं राहायलाही आधार लागत होता. ती हळूहळू पुंजाच्या टपरीशी गेली.

"पुंजा, चुन्याची डबी दे तुझी. तंबाखूची."

डबी घेऊन ती गर्दीत आली. एका बाईकडून चिमूटभर हळद मागून तळहातावर घेतली, त्यावर बोटभर चुना टाकला, थेंबभर पाणी टाकून चोळलं आणि हात वर केला. तळहात लालभडक झाला होता.

"बायांनो," आक्काबाई फोडांमुळे अडखळत बोलली, "पाय मुरगळला की आपण काय लावतो? हळद-चुना. तो लाल होतो का नाय? का तवा आसरा येत्यात घरी? आन् हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावला की डाग लाल होतो, ते आपण रोज बघतो. हे गुपित पुंजाच्या डबीत, तुमच्या घरधन्यांच्या खिशात, आपल्या मोरीत हाय. हे पाणीबी तसलंच हाय, सोड्याचं. मी ते प्याले. माझं तोंड बघा."

तिने तोंड उघडून दाखवलं. पुढच्या बायका एकदम मागे सरकल्या. मग एकीने हातातली बाटली जमिनीवर उपडी केली. दुसरीने केली. बाटल्यांचा तो आवाज ऐकून कुंदनमहाराजांनी शाल सावरली आणि मंडपामागच्या मोटारसायकलचा रस्ता धरला. काही तरुण शेडकडे पळाले आणि मंडळाचे अधिकारी येईपर्यंत टँकर तिथून हलू दिला नाही.

शेडला टाळं लागलं. अश्विनशेठवर आणि टँकर पाठवणाऱ्या कारखान्यावर गुन्हा नोंदला गेला. आक्काबाई पुन्हा गोळ्या घेते, शुगर ताळ्यावर आहे, आणि जिभेचे फोड बरे झाल्यापासून देवरामची रोज खरडपट्टी निघते. देवराम खूश आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि ती संपत नाही याचाच राग येतो. गायरानाजवळच्या विहिरींचं पाणी तपासलं तर ते पिण्यालायक राहिलं नव्हतं. ग्रामसभेत लोकांनी मोहिनीला विचारलं, आत गेलेलं ते पाणी आता बाहेर काढून टाकता येईल का? मोहिनीने खोटा धीर दिला नाही. ती म्हणाली, "भेगांमध्ये गेलेलं पाणी वेचून काढता येत नाही. ते कुठवर जाईल, हेही नक्की सांगता येत नाही."

 महाराज उघडा पडतो, शाल उतरते, टाळंही लागतं. जमिनीखाली मात्र टाळं लावता येत नाही. म्हणून कायदा आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणारे डोळे लागतात. कुठे टँकर भरून येतो आणि रिकामा जातो, कुठे रोपांशिवाय रोपवाटिका आहे, हे सर्वात आधी तिथल्या माणसालाच दिसतं. विचारायचं कामही त्याचंच.

आक्काबाईने उभं राहून शेवटी एवढंच सांगितलं, "जमिनीतून काही वर आलं, तर हात नंतर जोडा. आधी इचारा, खाली कुणी ओतलं?"